कावीळ झालेला नायक

"अरे देवा, या नायकाला कावीळ झालीय की काय!" फाईल उघडताच अण्णा खुर्चीतच उडाले.

स्टुडिओत बसून सिनेमाचे रंग पक्के करणं हे अण्णांचं काम. कॅमेरा लेकीकडे. ती सेटवरच प्रत्येक दृश्याचे रंग ठरवायची आणि त्यांची फाईल चित्रणाबरोबर पाठवून द्यायची. अण्णांनी फक्त शेवटचा हात फिरवायचा. पण गेले दोन महिने तिच्या फाइली पिवळट येत होत्या, आणि या आठवड्यात तर विचारूच नका! अण्णा गुपचूप निळा चढवून सगळं ताळ्यावर आणत होते. लेकीला चकार शब्द बोलले नव्हते. तिचा पहिलाच मोठा सिनेमा, पोरीच्या जिवाला उगाच घोर कशाला?

तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन आला. "अण्णा, सगळ्यांचे चेहरे बिघडतायत. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर नाइलाज आहे, माणूस बदलावा लागेल."

पोरीचं काम जाणार! अण्णांनी लगेच तिला फोन लावला. "उद्या दहाला तयार राहा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

एरवी शब्दाला शब्द लावणारी पोर मुकाट्याने "बरं" म्हणाली. अण्णांना भरून आलं. बिचारीला कळलं असणार.

ते स्वतः मात्र कधी या वाटेला गेले नव्हते. लेकीने दोनदा वेळ घेतली होती, दोन्ही वेळा त्यांनी उडवून लावलं होतं. "माझ्या नजरेवर सिनेमे चालतात, आणि मी भिंतीवरची अक्षरं वाचत बसू?"

डॉक्टरांनी लेकीला तपासलं. "ठणठणीत आहेत डोळे."

"नीट बघा हो! पोरीला पिवळा रंग दिसतच नाही."

"असं? मग तुम्हीच बसा बघू जरा."

अण्णा ऐटीत बसले. डॉक्टरांनी दिवा मारला, एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला. "दोन्हीकडे मोतीबिंदू. चांगला पिकलाय. तुम्हाला सगळं जगच पिवळट दिसत असेल."

दोन महिने चढवलेला निळा अण्णांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ते लेकीकडे वळले.

"म्हणजे दिग्दर्शक मला बदलणार होता?"

"हो. तुमच्याआधी माझ्याकडेच आला होता," लेक म्हणाली. "पण तुमचे डोळे बरे होईपर्यंत थांबायला आता मी तयार केलंय त्याला."

अण्णांना हायसं वाटलं, पण कलाकार गप्प बसेना. "ते ठीक. पण या आठवड्यातल्या फाइली? एकाएकी वाढलेली ती कावीळ मोतीबिंदूची नव्हे हं!"

"ती मी मुद्दाम घातली," लेक त्यांचा चष्मा पुसत म्हणाली. "माझे डोळे गेले असं वाटल्याशिवाय तुम्ही या दारात पाऊल टाकलं असतंत का?"