मक्याच्या जवळ जायचं नाही

"पाय बाहेर!" वहिनी ओरडली. "मुळं वरवर असतात मक्याची. तुडवलीस तर सगळा आडवा होईल."

नणंदेनं पटकन पाय मागे घेतला. एवढं ओरडण्यासारखं काय होतं त्यात?

दादा बेपत्ता झाला तेव्हा हा मका अजून पेरलाही नव्हता. आता तो डोक्याच्या वर गेला होता, आणि दादाचा पत्ता नव्हता.

गल्लीला सगळं तोंडपाठ होतं. त्या सकाळी नवरा-बायकोचं कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं भांडण झालं. दादा दार आपटून गेला. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच वहिनीनं काय करावं? कुदळ मागून आणली आणि अख्खं परस खणायला घेतलं! नवरा गेला आणि बाई खणत बसली, असं जो तो म्हणायला लागला. लोकांच्या जिभेला काय, हाड नसतं. पण ऐकून ऐकून नणंदेलाही शंका यायला लागली. रजा टाकून ती आली ती इथंच राहिली.

भांडण कशावरून, तर मक्यावरून. गेल्या वर्षी दादानं कुठून तरी जांभळ्या मक्याचं बी आणून भिंतीपाशी दोन ताटं लावली. त्यांच्या तुऱ्यांची धूळ वाऱ्यावर उडाली, वहिनीच्या गोड मक्याच्या केसांवर बसली, आणि पिवळ्याधमक कणसांत मधूनमधून जांभळे दाणे भरले. चिवट, पिठूळ.

"यंदा ते जांभळं घरात नको," वहिनी म्हणाली.

"नको तर नको! ऑफिसात देऊन टाकतो कुणाला तरी." दादानं बियाण्याचा डबा शर्टाच्या खिशात रिकामा केला आणि निघाला. तो ऑफिसात पोचलाच नाही.

असं वहिनी सांगायची. रडायची मात्र नाही. पाणी घालायची, तण काढायची आणि कुणाला मक्याच्या जवळ येऊ द्यायची नाही.

मग एक दिवस नणंदेला माळ्यावर दादाची बॅग सापडली. ती तशीच शेजारी गेली, घड्याळवाल्या काकांकडे. पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान, मागे त्यांचं परस. दोन्ही परसांच्या मधे उंच भिंत. दुपारी वारा त्यांच्या बाजूनं सुटला की त्यांचा रेडिओ थेट वहिनीच्या स्वयंपाकघरात वाजायचा.

"काका, तुम्ही पोलिसांना सांगितलंत, दादा स्टँडवर दिसला, खांद्याला बॅग होती. बॅग तर घरात आहे!"

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. चिमट्यातलं चाक अलगद बसवलं.

"खोटं बोललो मी, पोरी. काय करणार? एकट्या बाईमाणसाला चौकीवर बसवून ठेवलं असतं. कशीही असली तरी शेजारीण आहे."

"म्हणजे तुम्हाला वाटतं की..."

"मला काही वाटत नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो." पुढचं चाक चिमट्यात धरत ते म्हणाले, "पण दुसऱ्याच दिवशी खणायचं काय अडलं होतं?"

भिंतीखालच्या हातभर जागेवरून दादाचं आणि काकांचं चांगलंच वाजलं होतं. तरी माणूस वहिनीला सांभाळून घेतोय! नणंदेला भरून आलं.

"कुदळ आहे तुमच्याकडे?"

"आहे, पण परसात पडलीय. तिकडे साप निघाला, तेव्हापासून कुलूप घातलंय. मीही पाय टाकला नाही."

नणंदेनं हार्डवेअरच्या दुकानातून नवी कुदळ आणली आणि दारामागे ठेवली. ताटं कापली की खणायचं, असं तिनं ठरवून टाकलं. त्या रात्री वहिनीनं वाढलेलं तिनं तसंच झाकून ठेवलं.

आणि एका दुपारी वहिनी म्हणाली, "केस काळे पडले. आज काढायचा. आधी पाणी उकळायला ठेव, मग तोडू. तोडला की गोडी पळायला लागते."

नणंद काकांना बोलावून आली. साक्षीला कुणीतरी हवंच ना. काका नको नको म्हणत आले आणि उंबऱ्याजवळच्या स्टुलावर टेकले.

"मग ताटं आजच कापायची?" नणंदेनं विचारलं.

"कापू की. तुला कसली घाई?" वहिनीनं पदरातली कणसं ओट्यावर ओतली. "पहिलं कणीस नेहमी तुझ्या दादाचं. कितीही भांडला तरी मका निघेपर्यंत परत येईल असं वाटलं गं मला. म्हणून दुसऱ्या दिवशीच खणायला घेतलं."

तिनं पहिलं कणीस सोललं आणि तिचे हात थांबले.

पिवळ्या दाण्यांत जांभळे दाणे होते.

तिनं दुसरं सोललं. तिसरं सोललं. मग भिंतीकडच्या रांगेतलं सोललं, त्यात तर पिवळे शोधावे लागत होते.

"डब्यात एखादा दाणा राहिला असेल," नणंद म्हणाली. "चुकून पेरला गेला असेल."

"डबा मी त्याच दिवशी घासला. सगळं बी त्याच्या खिशात होतं. आणि मी पेरलं ते दुकानातून नवं आणलेलं."

"मग गल्लीत दुसऱ्या कुणी लावला असेल मका?"

"कुणीच नाही."

पाणी उतू जाऊन गॅस विझला. तेवढ्यात भिंतीपलीकडून वाऱ्याची झुळूक आली आणि काकांचा रेडिओ घरात शिरला. वहिनीनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

काका उठले. "दुकान उघडं टाकून आलोय मी."

नणंद दारात आडवी उभी राहिली. दारामागून तिनं कुदळ काढली.

"कुदळ आहे माझ्याकडे, काका. तुम्ही फक्त परसाची किल्ली द्या."