सात नंबरच्या खोलीतली फायनल

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. वाटीभर सूप निवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सांगून होईल अशी गोष्ट आहे.

सूप निवतच होतं. वृद्धाश्रमातल्या सात नंबरच्या खोलीत आजींनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, आणि करड्या ॲप्रनमधल्या मावशी चमचा वर धरून बसल्या होत्या. दोन दिवस आजींच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर इस्पितळात हलवून नाकातून नळी घालायची, असं डॉक्टर सांगून गेले होते. मागच्या खेपेला नळी घालताना आजींचे हात पलंगाला बांधावे लागले होते.

"आज फायनल आहे," आजी म्हणाल्या. "पोट भरून कोण खेळतं?"

"झाली की गं फायनल. जिंकलीस तू."

"रोज तेच सांगतेस. मला खाऊ घालायला तू वाट्टेल ते सांगशील. महालबाड आहेस."

"ते आहेच," मावशी म्हणाल्या. "आ कर."

आजींनी मान फिरवली.

त्याच वेळी खाली कचेरीत एक वार्ताहर मुलगी वहीत सही करत होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या टेनिस फायनलवर तिला लिहायचं होतं. विजेतीच्या नावाचं मैदान झालं, मुलींच्या स्पर्धेला तिच्या नावाचा चषक आला, शाळेच्या पुस्तकात धडाही आला. एवढं सोडून ती मागे काय ठेवून जाणार, हे संपादकांना हवं होतं.

"कुठे भेटतील?" तिने विचारलं.

"सात नंबर. मावशी हो म्हणाल्या म्हणून तुला सोडतेय." व्यवस्थापक बाईंनी आवाज खाली आणला. "पण आत जरा जपून. नवरा, मुलं, सगळं आजींच्या डोक्यातून पुसून गेलंय. राहिलीय ती एवढी फायनल. जिंकल्याचं पटलं की जेवतात. हल्ली पटत नाही, आणि इस्पितळाची गाडी चारला येतेय."

"मी काय, नुसतं ऐकायलाच आलेय."

"पेपरवाले आणि ऐकणार!" बाई म्हणाल्या.

मुलीने दार लोटलं. पलंगावरच्या आजींकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि उंबऱ्यातच थबकली.

"ये गं. दारात काय उभी?" मावशींनी स्टूल पुढे सरकवलं.

आजींनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "ही कोण? पंच?"

"पेपरात लिहिते."

"मग हिला ठाऊक असणार!" आजी उठू लागल्या. मावशींनी एकाच हाताने पाठीला आधार देऊन त्यांना अलगद बसतं केलं. "ए पोरी, शेवटचा पॉइंट कसा झाला ते सांग. आणि तू मध्ये बोलायचं नाहीस," हे मावशींना.

"मी कशाला बोलतेय? गिळलीय जीभ."

मुलीला तो पॉइंट पाठ होता. जुनी कात्रणं तिने कितीदा वाचली होती. तरी तिने आधी मावशींकडे पाहिलं. मावशी वाटीत बघत होत्या. ओठ तेवढे हलत होते; देवाचं नाव घेत असाव्यात.

"तिसरा सेट," मुलगी म्हणाली. "पाच-चार. मॅच पॉइंट."

"पुढे."

"मोठी रॅली झाली. मग चेंडू नेटच्या पट्टीवर आदळला. वर उडाला. अख्खं मैदान श्वास रोखून..."

"ते पेपरातलं राहू दे. पडला कुठे?"

मुलीने आजींचा हात हातात घेतला.

"पलीकडे. तिच्या बाजूला. जिंकलात तुम्ही, आजी."

"शपथ?"

"देवाशपथ."

आजींनी डोळे मिटले. खांदे सैल पडले, कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या. मग त्या म्हणाल्या, "बिचारी ती दुसरी पोरगी. किती जिवाला लागलं असेल तिच्या. चांगली खेळली गं ती. कुठे असेल आता?"

"असेल मजेत," मावशी म्हणाल्या. "आ कर."

आजींनी आ केला. एक चमचा गेला, दुसरा गेला. वाटी चाटूनपुसून संपली. "एवढंच?" म्हणून आजींनी डोळे वटारले, तेव्हा मावशींना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. दुसरी वाटी आणायला त्या जवळजवळ पळतच गेल्या. रिकामी वाटी बघून व्यवस्थापक बाईंनी जिन्यातूनच फोन लावला आणि गाडी नको म्हणून सांगितलं. "परमेश्वराने ऐकलं गं बाई!" एवढं मात्र त्या फोन न ठेवताच म्हणाल्या, त्यामुळे पलीकडचा ड्रायव्हर बराच वेळ गोंधळून "हॅलो, हॅलो" करत राहिला.

पोट भरल्यावर आजींना दुपारच्या उन्हात डोळा लागला. मावशींनी पांघरूण नीट केलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर मुलीशेजारी धपकन बसल्या.

"सुटलो बाई एकदाचे," त्या म्हणाल्या. "आता विचार तुझं काय असेल ते."

मुलीने वही उघडली.

"पहिला प्रश्न लिहून आणला होता. पण आता विचारवत नाही."

"अगं विचार. एवढी लांबून आलीस."

"चषक उचललात, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

मावशींनी बंद दाराकडे बोट केलं. "ते सोड. माझं नाव मैदानाच्या कमानीवर आहे, कुणी विसरू म्हटलं तरी विसरता यायचं नाही. चेंडू हिच्या बाजूला पडला होता, हरली ती ही. तू हिचं नाव घाल पेपरात. आणि एवढं कर पोरी, हिची आठवण ठेव."