बाटलीचं पाणी

“अगं, या चहाला पुन्हा रॉकेलचा वास!” सासूबाई कपात डोकावत कुरकुरल्या. किटली तीनदा घासली, दूधवाला बदलला, शेगडीही नवी आणली. आता बदलायची राहिली होती ती सूनच, म्हणजे मी. गावामागच्या नव्या तेलविहिरीवर घरटी एक माणूस कामाला, त्यामुळे बोअरच्या पाण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. माझा नवरा तिथलाच ड्रिलर. रोज कामावरून माझ्यासाठी पाण्याची सीलबंद बाटली आणायचा. “सातवा महिना आहे, चहा सोड, हेच पी,” म्हणायचा. “बायकोला बाटलीचं, आईला बोअरचं! कळलं हो प्रेम!” सासूबाईंनी हसत कप ओठांना लावला. बूट काढणाऱ्या नवऱ्यानं तो हिसकावून घेतला. चहा त्याच्या गणवेशावर सांडला. “नको पिऊस, आई.” तो खालीच बसला. “दोन महिन्यांपूर्वी आमचा पाइप जमिनीत फुटला. तेल बोअरच्या पाण्यात उतरलंय. मला माहीत होतं.”