अकराव्या मजल्यावरचं पंक्चर

"अकराव्या मजल्यावर पंक्चर काढून घ्यायला कोण येणार? कावळे?"

धाकटीचा घसा इतका बसला होता की तिची चिडही खरखरत बाहेर पडली. हातातली ट्यूब पाण्यात दाबून ती बुडबुडे शोधत होती. ताई दुकानाच्या पायरीवर बसली होती.

खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. मंत्रीबाईंच्या नव्या गृहनिर्माण योजनेत ही अख्खी गल्ली पाडायची होती आणि रहिवाशांना शहराबाहेरच्या उंच इमारतींत घरं मिळायची होती. धाकटीने सभा घेऊन घेऊन रान उठवलं होतं. ताईला मात्र योजना पसंत होती. त्यावरून दोघी बहिणींचं बोलणंच तुटलं होतं. आज ताई आपणहून आली होती.

"इथं छत गळतं, भिंतीला ओल आहे," ताई म्हणाली. "तिथं पक्कं घर मिळतंय. वाईट काय त्यात?"

"बघितलंयस?"

"जाता-येता बघते की. गाडीतून."

"मग आज चालत चल."

मागच्या गल्लीतले इस्त्रीवाले काका आधीच त्या इमारतीत गेले होते. दोघी तिथं पोचल्या तेव्हा लिफ्ट बंद होती. पाचव्या मजल्यावर ताईला धाप लागली. धाकटी थांबली, पण हात दिला नाही.

ताईला दारात पाहून काका गडबडीने उठले, शर्टाची बटणं लावू लागले.

"बसा हो काका. कसं आहे घर?"

"छान आहे. हवा छान आहे. तक्रार काही नाही."

"हवा खाऊन जगतोय आम्ही!" आतून काकूंचा आवाज आला. "सांगा की खरं! कपडे घेऊन इतकं वर कोण येतं? माझे गुडघे असे, खाली उतरले तर वर कोण आणणार मला?"

कोपऱ्यात इस्त्री थंड पडली होती. तिच्यावर काकांनी फडकं टाकलं होतं. ताई खिडकीशी गेली. खाली नुसतं माळरान.

"नकाशात इथं बाजार होता ना?" ती पुटपुटली.

"नकाशात आहेच," काका म्हणाले.

दोघी जिना उतरू लागल्या. मग धाकटी म्हणाली, "उद्या जाहीर सुनावणी आहे. माझा आवाज असा. माझ्याऐवजी तू बोल."

"भर सभेत? मंत्रीबाईंची इभ्रत काय राहील?"

"नाही राहिली तर नाही राहिली. आमची घरं राहतायत का?"

ताई कठड्याला धरून उभी राहिली. "त्या बाई भारी हट्टी आहेत गं."

"ते तू मला सांगतेस?" धाकटी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी दोघी एकत्र हसल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. मंचावर अधिकारी बसले होते, मधली खुर्ची रिकामी होती. सायकलवाल्या बाईंचा पुकारा झाला आणि धाकटीच्या शेजारून ताई उठली. लोकांत कुजबुज झाली. मुख्य अधिकारी अर्धवट उभे राहिले.

"बाई, आपण... तिथून?"

"इथूनच. बहिणीची पाळी मी घेतेय."

ताई मंचाकडे तोंड करून बोलू लागली.

"मंत्रीबाई पायाभरणीला गेल्या, उद्घाटनाला गेल्या. हार घालून घेतले आणि खालूनच परतल्या. एकदा जिना चढल्या असत्या तर त्यांना थंड पडलेली इस्त्री दिसली असती. गल्लीतली घरं गळतात, खरं आहे. मग ती नीट करा! खालचं दुकान काढून घेतलंत, तर वरचं पक्कं छत काय चाटायचंय? बाईंना लोकांनी वर्षभर ओरडून सांगितलं. बाईंना वाटलं, या लोकांना कळत नाही. कळत नव्हतं ते बाईंना."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळं सभागृह उठलं. धाकटी बसलेल्या घशाने काहीतरी ओरडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आवाज शमायची वाट पाहून अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "मग मंत्रीबाईंनी काय करावं, असं आपलं म्हणणं आहे?"

"योजना रद्द करावी. नवी आखायची ती गल्लीत बसून, लोकांना विचारून."

"आणि हे... मंजूर होईल?"

ताईने पदराने कपाळ पुसलं, पायऱ्या चढून ती मंचावर गेली, मधल्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि माइक जवळ ओढून म्हणाली, "मंत्री म्हणून माझी मंजुरी आहे. लिहून घ्या."