काचेची पट्टी

रविवार, ४ नोव्हेंबर १९५६, सकाळचे नऊ. बऱ्हाणपूरच्या चर्चमध्ये एकेचाळीस माणसे जमली होती. गुरुवारीच स्थापन झालेल्या नव्या राज्याच्या आभारप्रार्थनेला दाविदशेठांनी दिलेली नऊ मणांची घंटा प्रथमच वाजणार होती. निवृत्त ओव्हरसियर शामुवेलमामांनी घंटेखालच्या भिंतीतील भेगेवर सिमेंटने काचेची पट्टी बसवली होती. भिंत सरकली, तर काच तुटणार. आज ती तुटलेली होती. “घंटा वाजवू नका! बाहेर चिंचेखाली चला,” मामा कळवळून म्हणाले. “चर्च नव्हतं तेव्हा तिथेच रेल्वेरुळाचा तुकडा बडवून प्रार्थना करायचो, तेव्हाही देव येतच होता!” दाविदशेठ हसले. “मामा, देवाला भंगार वाजवून बोलवायचं? गावात काय इज्जत राहील आपली?” पाळकांनी प्रार्थनेचे पुस्तक उघडले. शेठांनी दोर ओढला. पहिल्या टोल्यासरशी भेगेतून चुना गळू लागला. एकेकाला नावाने हाका मारत मामा बाहेर पडले. आत घंटा वाजतच होती. चिंचेखाली त्यांनी स्वतःसकट माणसे मोजली: तीन.