दिवेलागणीची कडी

गडाचा दरवाजा लावायचं काम धर्मराजाकडे होतं, आणि तो लावल्याबिगर त्यानं कधी घरी घास घेतला नाही. त्याची बायको सगुणाबाई त्या दाराला सवतच म्हणायची. पुढे दार कुजून पडलं, त्याच साली धर्मराजही गेला. पण सवय काही गेली नाही. रोज दिवेलागणीला गावातल्या एकेका घराची कडी वाजायची, दार लावलंय का बघितल्यासारखी. शेजारची पुष्पाबाई आतून ओरडायची, "सगुणे, बराबर लावलंय म्हणावं तुझ्या दादल्याला." सगुणाबाई रागवायची, पण स्वतःची कडी वाजेपर्यंत ताटावर बसायची नाही.

यंदा निजाम सरकारनं गडाची डागडुजी काढली. रामकिसन सुतारानं नवं सागवानी दार बसवलं, आतून जाडजूड अडसर दिला, आणि सांजेला दार नुसतं ओढून घेऊन सगळी माणसं खाली आली. त्या दिवशी गावात एकही कडी वाजली नाही.

"सुटलो बाई," पुष्पाबाई म्हणाली. "घावलं त्याला त्याचं दार."

"म्हंजे पुन्हा सवतीकडंच गेले," सगुणाबाई म्हणाली. "अन् मी इथं कडीची वाट बघून राह्यले." तिनं दोघांपुरत्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि गडाची वाट धरली.

* * *

सकाळी रामकिसन कामावर आला, तर दाराला आतून अडसर होता, आणि बाहेर सगुणाबाईच्या वहाणा नीट जोडून ठेवलेल्या होत्या.