सुपातले पांढरे दाणे

बिसाहिनबाईचं नाक जवळजवळ सुपातल्या तांदळाला टेकलं होतं. दोऱ्याने बांधलेला चष्मा घसरला की ती तो मनगटाने वर सारायची आणि पुन्हा एक दाणा उचलून वाटीत टाकायची. रेशनच्या तांदळात जरा जास्तच पांढरे, गुळगुळीत दाणे येतात ना, तेवढेच. बाकी किडामुंगीबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

रमशिला सायकल भिंतीला टेकवून अंगणात आली. ती गावची मितानिन. गरोदर बायकांच्या गोळ्या, तपासण्या सगळं तीच बघायची. आज तिच्या हातात बिसाहिनबाईच्या सुनेच्या, केंवराच्या रक्ततपासणीचा कागद होता. उंबऱ्यावर बसलेल्या केंवराला सातवा लागला होता.

"हिमोग्लोबिन आठ," रमशिला म्हणाली. "मागच्या वेळी साडेआठ होतं. गोळ्या घेतेस ना गं?"

"घेते दीदी. तासाभरात उलटून पडतात."

"म्हणजे अंगी लागतं ते फक्त अन्न. आणखी खाली गेलं तर मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागेल. बाळंतपणात जिवावर बेतू शकतं, काकी, खोटं कशाला सांगू?"

बिसाहिनबाईचा हात क्षणभर थांबला, मग दुप्पट वेगाने चालू लागला. तेव्हा कुठे रमशिलाचं वाटीकडे लक्ष गेलं.

"हे काय वेचतेस?"

"प्लास्टिक."

रमशिलाने कपाळावर हात मारला. "अगं, रक्त वाढायचं औषध आहे त्यात! तांदळाच्याच पिठात औषध घालून दाणे पाडतात कारखान्यात."

"कारखान्यात! ऐकलंस सूनबाई? स्वतःच्या तोंडाने कबूल झाली." बिसाहिनबाईने चष्मा वर सारला. "साठ वर्षं बासी खाल्ली मी. रात्रभर पाण्यात राहिलेला भात सकाळी तळाशीच सापडतो. आणि हे नुसते धुवायला घेतले की वर तरंगतात. तांदूळ कधी तरंगतो का?"

"प्लास्टिक आहे म्हणून कोणी सांगितलं?"

"शेजारच्या दुकालूनं. त्याच्या साडूनं मोबाईलवर पाहिलंय. भाताचा गोळा आपटला की चेंडूसारखा उडतो."

"मग तू आपटून पाहिलास आपल्या घरचा?"

"अन्न आपटू? काय बोलतेस तू!" बिसाहिनबाईला खरंच राग आला. "आणि फुकट कोण देतं गं कुणाला? गरिबाघरी पोरं जन्मू नयेत म्हणून चाललंय हे सगळं."

केंवराने पोटावर हात ठेवला. "मग उशीरच झाला त्यांना, आई."

रमशिला तिच्याकडे वळली. "तू तर बारावी शिकलीस. तूही गप्प बसलीस?"

"रोज दोन तास वेचतात," केंवरा हळूच म्हणाली. "डोळ्यांतून पाणी येतं तरी उठत नाहीत. माझ्यासाठी. कसं सांगायचं, दीदी?"

रमशिलाने कागदाची घडी घातली. इतक्या मायेने कुणी कुणाचं नुकसान करत असेल, तर रागवायचं तरी कुणावर?

बिसाहिनबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि वाटीतले दाणे तिने म्हाताऱ्या कोंबडीपुढे टाकले.

"अगं, प्लास्टिक ना ते? मरेल बिचारी."

"मरू दे. हिनं अंडी घालायचं बंद केलं होतं. म्हटलं, हिच्यावरच पाहू. मेली की नेऊन आपटते रेशनवाल्याच्या पुढ्यात. पुरावा हवा ना!"

"कधीपासून घालतेस?"

"झाले दोन महिने."

"मग?"

कोंबडीने शेवटचा दाणा टिपला आणि मान वर करून आणखी आहेत का ते पाहिलं. तिचा तुरा लालभडक होता.

"अंडी घालते का आता?"

"घालते," बिसाहिनबाई पुटपुटली.

"रोज," केंवरा म्हणाली.

बिसाहिनबाईने एकदा कोंबडीच्या तुऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेच्या फिकट ओठांकडे. "मीच गं," ती म्हणाली. "माझ्याच हातानं." केंवराने तो हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. रमशिला सायकल तिथेच ठेवून पायीच पुढच्या घरी गेली. अशा वेळी परक्या माणसाने थांबू नये एवढं तिला कळत होतं.

दुपारी परतताना हापशावर पाणी भरणाऱ्या फिरंतीनने तिला अडवलं. "दीदी, त्या रक्ताच्या दाण्यांनी मूल गोरं होतं म्हणतात, खरं का? बिसाहिनकाकीची मेलेली कोंबडी उठून बसली म्हणे!"

"कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतायत."

रमशिलाने हात टेकले. सायकल घ्यायला ती अंगणात शिरली आणि जागीच थबकली. बिसाहिनबाई सूप घेऊन बसली होती. नाक जवळजवळ तांदळाला टेकलेलं.

"काकी! पुन्हा?"

"हळू बोल, एखादा नजरेतून सुटेल." बिसाहिनबाईने एक पांढरा दाणा उचलून वाटीत टाकला. "हे तिच्या भाताला वेगळे काढतेय. आम्हाला काय, साधा तांदूळ चालतो."

वाटीजवळ कोंबडी मान लांब करून उभी होती. बिसाहिनबाईने तिला सुपाच्या काठाने ढकललं.

"हट! तुझं खाऊन झालं."